बिनगुन्ह्याचे गुन्हेगार, बिनहिशेबाची मजुरी

बोरी अरबला कापूस वेचणीच्या दिवसांत माझी आई ज्या मालकाकडे जायची, त्याच्याकडे बेड्यावरचे पारधीही यायचे. वेचणी सारखी, काटा एकच; हिशेब मात्र निराळा. त्यांच्यातला कुणी कुरकुरला की मालक म्हणे, "जमादाराला सांगू काय?" एवढ्यावर तो माणूस गप्प होई. आम्हांला गावकुसाबाहेर ठेवले होते, पण ही धमकी आमच्या वाट्याला नव्हती. ती कुठून आली, हे मला प्राध्यापक झाल्यावर कळले.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. कोर्टात गुन्हा शाबीत होण्याची गरज नव्हती, जन्म पुरेसा होता. (मनूला हा कायदा परका वाटला नसता.) १९११ च्या कायद्याने तो देशभर नेला आणि अशा जमातींना वसाहतींत कोंडण्याचा, मुलांना आईबापांपासून तोडण्याचा अधिकार सरकारला दिला. आमचे वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांताला जोडलेले, सोलापूर मुंबई इलाख्यात, कायदा एकच.

सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचे कुंपण होते. आतली माणसे गिरण्यांत कामाला जात, परत येऊन हजेरी देत. पासाशिवाय बाहेर पडणे हा गुन्हा. सरकार याला सुधारणा म्हणे. पण ज्याला गाव सोडता येत नाही, तो मजुरी वाढवून मागणार कशी? साधा गिरणी कामगार निदान काम सोडून घरी जाऊ शकत होता. या वसाहतींचा अधिकारी स्टार्ट. त्याच्याच अध्यक्षतेखाली १९२८ साली नेमलेल्या, अस्पृश्य व आदिवासींच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या समितीत बाबासाहेब सभासद होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा गेला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला. कागदावर तो जातीचे नाव घेत नाही, पोलीस घेतात. तुरुंगात तर जात पाहून झाडूकाम वाटणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने रद्द करायला ३ ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला.

माझा एक विद्यार्थी बेड्यावरचा. सुट्टीत एका ठेकेदाराकडे राबत होता. जवळपास चोरी झाली, पोलिसांनी आधी त्यालाच उचलले, दोन दिवसांनी सोडले. ठेकेदाराने त्याला परत कामावर घेतले, निम्म्या रोजावर. "तुझ्यासारख्याला दुसरे कोण ठेवणार?" म्हणाला. मी भांडायला निघालो, तर पोराने माझा हात धरला. "सर, नको. तो पुन्हा नाव सांगेल." मागची मजुरी अजून मिळालेली नाही.