हवाईयन गिटार : तारा किती असाव्यात?

मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी फिरवत वाजवली जाणारी हवाईयन गिटार मुंबईकरांना नवी नाही. व्हॅन शिप्ली, हजारा सिंग यांच्यासारख्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीतात तिला मानाचे स्थान मिळवून दिले आणि चित्रगीतांच्या धुनांच्या ध्वनिमुद्रिकांनी ती घरोघरी पोहोचवली. आज स्पॅनिश गिटारपुढे ती मागे पडली असली, तरी ती शिकू इच्छिणाऱ्यांसमोर पहिला प्रश्न उभा राहतो तो तारांचा. सहा, आठ, दहा की थेट वीस? निवड चुकली तर पैसे वाया जातातच. शिवाय घरातील चांगले वाद्यही कायमचे निकामी होऊ शकते.

तारांची संख्या का महत्त्वाची?

स्पॅनिश गिटारवर बोटे वेगवेगळ्या पडद्यांवर दाबून हवी ती कॉर्ड मिळवता येते. हवाईयन गिटारवर मात्र एकच सरळ कांडी सर्व तारांवर एका रेषेत टेकते. साहजिकच मोकळ्या तारा ज्या स्वरांत लावलेल्या असतील, त्यांचेच परस्परनाते संपूर्ण दांडीवर कायम राहते. कांडी तिरपी धरून काही वेगळे स्वरमेळ साधता येतात. पण ते कौशल्याचे काम आहे. म्हणजेच तारा वाढवणे याचा अर्थ आवाज वाढवणे असा नसून, हाताशी अधिक स्वरमेळ ठेवणे असा आहे.

सहा तारा

हवाई बेटांवरील जोसेफ केकुकू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही वादनपद्धती रूढ केली, ती सहा तारांच्या साध्या गिटारवर. चित्रगीते, भावगीते व नाट्यपदे यांची धून वाजवायची असेल, तर सहा तारा पुरेशा आहेत. कारण गाणे मुख्यतः वरच्या एक-दोन तारांवरच चालते. तारा 'सा ग प' या स्वरांत लावल्या, तर मेजर कॉर्ड सहज मिळते. 'सा ग प ध सा ग' अशी जुळणी केल्यास त्याच सहा तारांत 'सा ग प' ही मेजर आणि 'ध सा ग' ही मायनर, अशा दोन्ही कॉर्ड हाती येतात. सहा तारांचा संच कोणत्याही वाद्यांच्या दुकानात मिळतो, ही सोयही लहान नाही.

आठ आणि दहा तारा

कॉर्डच्या साथीने वाजवणाऱ्यांना आठ तारा उपयोगी पडतात. वरील जुळणीच 'ध सा ग प ध सा ग प' अशी विस्तारली, की खर्ज आणि वरचा पंचम दोन्ही मिळतात. व्हॅन शिप्ली यांनी स्वतःसाठी आठ तारांची विद्युत गिटार तयार केली होती. दहा तारा प्रामुख्याने अमेरिकी कंट्री संगीतातील पेडल स्टील गिटारला असतात. ती पायांवर उभी असते आणि पेडल दाबून तारांचे स्वर बदलले जातात. आपल्याकडील नवशिक्याने त्या वाटेला जाण्याचे कारण नाही. आठ तारांमध्ये नको ती तार वाजू न देणे अवघड होते, हेही ध्यानात घ्यावे.

रागसंगीतासाठी

रागसंगीताचे गणित निराळे आहे. येथे कॉर्डची गरज नसते. मींड आणि षड्जाचे अखंड भान महत्त्वाचे. लालबाग-परळच्या मिरवणुकांत वाजणाऱ्या बँजोत जशा चाल वाजवण्याच्या तारा वेगळ्या आणि सूर धरणाऱ्या वेगळ्या, तसेच येथेही. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटारवर रागसंगीत प्रतिष्ठित केले. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर यांच्यासह ते आहेत. विश्वमोहन भट्ट यांच्या मोहनवीणेत तीन मुख्य तारा, सुराच्या व चिकारीच्या तारा आणि बारा तरफा, अशा एकूण सुमारे वीस तारा आहेत. देबाशिष भट्टाचार्य यांच्या चतुरंगीला वीसहून अधिक तारा आहेत. मात्र त्यांनीच घडवलेल्या 'आनंदी'ला अवघ्या चार!

तरफा कांडीखाली येत नाहीत. त्या मुख्य तारेच्या स्वराने आपोआप झंकारतात. परंतु राग बदलला, की त्या नव्याने लावाव्या लागतात. ज्याचा कान अद्याप सुराला पक्का नाही, त्याचा निम्मा वेळ खुंट्या पिळण्यातच जाईल.

जुन्या गिटारला तारा जोडाव्यात का?

याबाबत विशेष सावधगिरी हवी. साध्या गिटारच्या सहा पोलादी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलो असतो. लाकडी पोकळ गिटारला वरून चिकारी-तरफा जोडल्या, की तबली फुगते, घोडी उखडते वा दांडी वाकते. जादा तारांचे वाद्य मुळातच तशा बांधणीचे घ्यावे किंवा जाणकार कारागिराकडून करून घ्यावे.

सुरुवात करायची असेल, तर घरातील पोलादी तारांच्या गिटारवर नट उंच करणारी धातूची पट्टी बसवावी. जाड तारेपासून 'प सा प सा ग प' अशी जुळणी करावी. यात तीन तारा उतराव्या लागतात, एकही चढवावी लागत नाही. त्यामुळे वाद्यावर जादा ताण येत नाही. 'सा ग प सा ग प' या जुळणीत मात्र जाड तारा चढवाव्या लागत असल्याने त्यासाठी वेगळा संच घ्यावा.

वर्षभराच्या रियाजानंतर आपली ओढ कोणीकडे आहे, ते स्पष्ट होते. कॉर्ड अपुऱ्या वाटू लागल्या तर आठ तारा, षड्जाची उणीव भासली तर चिकारी, आणि धून वाजवण्यातच आनंद असेल तर सहाच. शिकवणारे गुरुजी आधीच ठरलेले असतील, तर त्यांच्या वाद्याला जितक्या तारा, तितक्याच आपणही घेणे श्रेयस्कर.