मुंबईचा हिवाळा आणि कुलाब्याचे दप्तर

मुंबईला हिवाळाच नाही, असे घाटावरून आलेला प्रत्येक पाहुणा या शहराला ऐकवून जातो. आणि पौषातल्या एखाद्या पहाटे पारा पंधरा अंशांपर्यंत उतरला की हेच शहर ट्रंकेतले स्वेटर बाहेर काढून, वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर त्या आकड्याला मानाची जागा देऊन, आपल्या थंडीचा असा काही सोहळा मांडते की निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला हसू आवरू नये. या वादाचा निवाडा करावयाचा तर कुलाब्याचे दप्तर उघडावे लागते.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने १८२६ साली कुलाब्यास वेधशाळा उभारली, ती रयतेच्या थंडीवाऱ्याची चौकशी करण्याच्या हेतूने नव्हे. खगोलाचे वेध घेता यावेत आणि बंदरात नांगरलेल्या गलबतांच्या कालमापकांना बिनचूक वेळ मिळावी, एवढाच तो व्यवहारी मामला होता. कुलाबा त्या वेळी निराळे बेट होते; मुंबईशी त्याला जोडणारा बांध १८३८ साली पुरा झाला. १८४१ पासून एल्फिन्स्टन संस्थेतील खगोलशास्त्राचे प्राध्यापक आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे भूचुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या, आणि रात्री-अपरात्री दिव्याच्या उजेडात उपकरणे वाचून वहीत आकडे उतरवणाऱ्या, इतिहासात ज्यांची नावे क्वचितच येतात अशा देशी साहाय्यकांच्या चिकाटीवर ते दप्तर वाढत गेले. वेधशाळेचे प्रमुख चार्ल्स चेंबर्स यांनी मुंबई इलाख्याच्या हवामानावरचा आपला ग्रंथ १८७८ साली प्रसिद्ध केला. १८९६ मध्ये नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे या वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच चुंबकसूचीला त्यांचा उपद्रव होईल हे ओळखून चुंबकीय वेध १९०४ साली खाडीपलीकडे अलिबागला नेण्यात आले (जेथे थंडीचा पुरावा म्हणून वालाच्या शेंगांची पोपटी पुरेशी समजली जाते, हे जाता जाता नमूद करावे). तापमापकांना मात्र विजेचे भय नसल्यामुळे ते कुलाब्यासच राहिले.

किमान तापमानाची नोंद ज्या साधनाने होत आली, ते मुद्दाम जवळून पाहण्यासारखे आहे. पाय असलेली, झडपांच्या भिंतींची, पांढऱ्या रंगाची एक लाकडी पेटी, आणि ऊन आत शिरू नये म्हणून तिचे दार उत्तरेकडे. आत आडव्या ठेवलेल्या नळीत पाऱ्याऐवजी मद्यार्क असतो आणि त्या मद्यार्कात एक बारीकशी कांडी बुडालेली असते. रात्र निवत जाते तसा मद्यार्क आकसतो आणि आपल्या पृष्ठभागाच्या ताणाने कांडीला मागे ओढत नेतो. सकाळ तापू लागली की मद्यार्क कांडीच्या बाजूने पुढे सरकतो, पण कांडी तेथेच राहते, आणि साडेआठाच्या पाळीचा निरीक्षक तिचे टोक पाहून रात्रीचा नीचांक वहीत घालतो, मग नळी तिरकी करून कांडी पुन्हा जागेवर आणतो.

पुढे सांताक्रूझला विमानतळालगत दुसरे केंद्र झाले आणि एका शहराचे दोन हिवाळे दप्तरी दाखल होऊ लागले. कुलाबा तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेले, सांताक्रूझ साष्टीच्या जमिनीत आत शिरलेले. त्यामुळे जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी कुलाब्यास १९ अंशांच्या आसपास, तर सांताक्रूझला सुमारे १७. २२ जानेवारी १९६२ रोजी सांताक्रूझला ७.४ अंश नोंदले गेले, त्याच दिवशी कुलाब्याचा पारा ११.७ वर थांबला. दोन्ही केंद्रांचे हे नीचांक आजवर मोडलेले नाहीत. सांताक्रूझचा आकडा सरासरीच्या सुमारे साडेनऊ अंश खाली होता. परंतु तो ‘मुंबईचा’ म्हणून उद्धृत करणाऱ्याने, कुलाब्याकडच्या कफ परेडवर ती पहाट बरीच सौम्य उजाडली होती, एवढे ध्यानात ठेवावे.

मुंबईची थंडी ही ऋतूपेक्षा वाऱ्याची कृपा आहे. पश्चिमेकडून आलेला एखादा विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पूर्वेस सरकला की त्याच्या पाठोपाठ कोरडे उत्तरी वारे राजस्थान-गुजरात ओलांडून कोकणात उतरतात, निरभ्र आकाशाखाली जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते, मतलई वारा पहाटेपर्यंत टिकतो आणि पारा घसरतो. गंमत अशी की हाच जमिनीवरचा वारा दुपारी खाऱ्या वाऱ्याला वेळेवर किनाऱ्यावर येऊ देत नाही, त्यामुळे ज्या दिवशी पहाटे शाल पांघरावी लागते त्याच दिवशी दुपारी तेहतीस-चौतीस अंशांचे ऊन अंगाची काहिली करते. किमान सरासरीखाली, कमाल सरासरीवर, आणि दोहोंची बेरीज करून मध्य काढावा तर दिवस अगदी सर्वसाधारण! माझ्या मते या शहराच्या हिवाळ्याविषयी निव्वळ सरासरीवरून बोलणारा मनुष्य जमाखर्चाची शिल्लक पाहून सावकाराच्या उलाढालीचा अंदाज बांधू पाहतो. हवामानखात्याला हे उमगलेले दिसते. किनारपट्टीसाठी थंडीच्या लाटेचा निकषच त्याने वेगळा ठेवला आहे: किमान तापमान १५ अंश वा त्याहून कमी असावे आणि ते सरासरीहून निदान साडेचार अंशांनी उतरलेले असावे. मैदानी मुलखात हीच मर्यादा १० अंशांची आहे.

सरासरीलाही स्वतःचा इतिहास आहे. तीस वर्षांच्या नोंदींवरून ती काढावी आणि त्यासाठी १९०१ ते १९३० हा कालखंड प्रमाण धरावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय हवामान संघटनेच्या १९३५ सालच्या वॉर्सा परिषदेत झाली. आता हा कालखंड दर दहा वर्षांनी पुढे सरकवण्याची रीत पडली असून सध्या १९९१ ते २०२० ही वर्षे प्रमाण मानली जातात. आणि या काळात शहराच्या रात्री अधिक उबदार झालेल्या असल्यामुळे, ज्या पहाटेला आजोबांच्या वेळी दप्तरात कोणी विशेष शेरा मारला नसता, तीच पहाट आज सरासरीच्या बरीच खाली म्हणून जाहीर होते.