धारची लाट आणि मांडवची गोरखचिंच

जड वस्तू उचलावयाची विद्या माळव्याला नवी नाही. ती अपुरी पडली म्हणजे काय होते, हेही माळव्याने पाहिलेले आहे. धार येथे एक प्रचंड लोखंडी लाट होती. इ. स. १६१७ मध्ये माळव्यात आलेल्या जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात तिची हकीकत दिली आहे. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने ती आपल्या मुलखात नेण्याचे मनात आणले. परंतु उपटताना ती कोसळली व भंगली. शतकानुशतकांच्या ऊनपावसाला न नमलेले लोखंड उचलणाऱ्यांच्या हातून मोडले! तिचे तुकडे आजही लाट मशिदीच्या आवारात आहेत.

धारनजीकच्या मांडवगडाचे भूषण म्हणजे गोरखचिंचेचे वृक्ष. तिकडे त्यांस खुरासानी इमली म्हणतात. मूळचा आफ्रिकेतील हा वृक्ष सुलतानांच्या काळी येथे आला, अशी परंपरा आहे. २०२२ साली धार जिल्ह्यातील असे काही वृक्ष हैदराबादकडील एका उद्यानासाठी यंत्रांनी उपटण्यात आले. ग्रामस्थांनी विरोध केला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. लाटेची कथा आम्हांस येथे आठवते.

यंत्रांशी आमचे वैर नाही. मात्र वृक्षाला उचलणारी क्रेन वेगळी आणि माणसाला फांदीपर्यंत पोहोचविणारी हायड्रॉलिक लिफ्ट वेगळी. वाळकी फांदी उतरविण्यास ही दुसरीच हवी. तिची निवड करताना केवळ उंची पाहून भागत नाही. फांद्यांच्या जाळीत शिरावयाचे तर कोपरासारखा वाकणारा हात सोयीचा. हात जितका आडवा लांबवावा तितका गाडी उलटण्याचा धोका वाढतो. म्हणून पाळण्यातील माणसे व हत्यारे यांचे वजन आधी हिशेबात धरावे. त्याहून मोठा प्रश्न जमिनीचा. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते व मऊ पडते. जॅकखाली रुंद फळ्या न घातल्यास ते रुततात. जड गाडी मुळांवरून फिरली तर माती दडपून झाडाचाच श्वास कोंडतो. गोरखचिंचेचे खोड मऊ व पाणीदार असते. खिळ्यांचे बूट घालून त्यावर चढणे म्हणजे त्यास जखमा करणे होय.

देवासच्या टेकडीवर चामुंडा व तुळजाभवानी यांची स्थाने आहेत. तशा पायऱ्यांच्या वाटेवर गाडी निरुपयोगी. तेथे दोर व कमरपट्टा वापरणारा जाणता माणूसच नेमावा लागतो. आपल्या देवस्थानांच्या आवारांतील वडपिंपळांनाही हाच न्याय लागू आहे. विश्वस्तांनी स्वस्त भाडे पाहण्यापूर्वी जमीन, वजन व विजेच्या तारांचे अंतर पाहावे.

लाट पुन्हा उभी राहिली नाही. वृक्षांच्या बाबतीत तरी माणसाला वृक्षापर्यंत न्यावे. वृक्षाला माणसाच्या हौसेपर्यंत नेऊ नये, असे आम्हांस वाटते.