रुग्णवाहिकेतील शब्द : आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञासाठी कायदा, नीती आणि परिभाषा

आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे बोलण्यातला ‘ईएमटी’, हा अपघाताच्या किंवा अचानक आजारपणाच्या जागी पोहोचून रुग्णाला सावरणारा, वाटेत त्याचा जीव धरून ठेवणारा आणि रुग्णालयाच्या दारात त्याला नीट सोपवणारा प्रशिक्षित कर्मचारी. त्याच्या कामाचे शब्द तीन ठिकाणांहून येतात : कोर्टातून, नीतिशास्त्रातून आणि वैद्यकातून. रुग्णवाहिकेत मात्र हे तिन्ही एकाच मिनिटात लागतात.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांतल्या २३३ ‘अ‍ॅडव्हान्स लाइफ सपोर्ट’, बाकीच्या ७०४ ‘बेसिक’. या सेवेत चालकाला ‘पायलट’ म्हणतात आणि मागे डॉक्टर असतो. खासगी आणि रुग्णालयांच्या रुग्णवाहिकांत अनेकदा ती जागा तंत्रज्ञाची असते. संसदेने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यामुळे या कामाला कायद्यात स्वतःची ओळख मिळाली.

भिवंडी हे या शब्दांची कसोटी पाहणारे गाव आहे. यंत्रमागांचे कारखाने, त्यांना चिकटून राहणारी दाट वस्ती, काल्हेर-पूर्णा-राहनाळची गोदामे आणि शेजारून धावणारा मुंबई-नाशिक महामार्ग. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाउंडमधली तीन मजली जिलानी इमारत झोपलेल्या माणसांवर कोसळली. किमान ३८ जणांचा जीव गेला आणि ढिगारा उपसण्याचे काम तीन दिवस चालले. २९ एप्रिल २०२३ रोजी वळपाड्यातली वर्धमान इमारत पडली. त्या ढिगाऱ्यातून एक माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी जिवंत बाहेर निघाला.

अशा ठिकाणी पहिला शब्द लागतो तो ‘ट्रिआज’. फ्रेंचमध्ये निवडून वेगळे करणे हा त्याचा अर्थ. चालता येणाऱ्याला हिरवी पट्टी, थोडे थांबू शकेल त्याला पिवळी, आत्ता हात लावला नाही तर जाईल त्याला लाल, आणि श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्याला काळी. एरवी वैद्यकाची नीती सांगते, समोरच्या एका रुग्णासाठी सर्व काही करा. ट्रिआज सांगते, या एकाला सोडून त्या तिघांकडे जा. जास्त ओरडणारा बहुधा जास्त गंभीर नसतो. ओरडायला श्वास लागतो. गप्प पडलेल्याकडे आधी बघावे, हे शिकायला प्रशिक्षण लागते आणि अमलात आणायला धैर्य. नातेवाईक हात धरून ओढत असताना तर फारच.

दुसरा शब्द ‘क्रश सिंड्रोम’. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांवर उपचार करताना बायवॉटर्स या डॉक्टरने तो नीट मांडला. कित्येक तास स्लॅबखाली दबलेल्या मांडीचे स्नायू मरू लागतात. स्लॅब उचलला की त्यांतले पोटॅशियम आणि मायोग्लोबिन एकदम रक्तात उतरते. आत्तापर्यंत बोलत असलेला माणूस सुटकेनंतर काही मिनिटांत हृदय बंद पडून जातो, किंवा पुढे त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. म्हणून शक्य असेल तिथे वजन उचलण्याआधीच शिरेतून सलाइन सुरू करायचे असते. ‘आधी बाहेर काढा, मग बघू’ ही जमावाची हाक इथे घातक ठरते.

संमती हा कायद्याचा पहिला दरवाजा. शुद्धीवरचा, समजून उमजून बोलणारा प्रौढ जे ठरवेल ते. त्याला काय झाले असावे, काय करणार आहोत, न केल्यास काय होईल, हे त्याच्या भाषेत सांगून मिळवलेला होकार म्हणजे माहितीपूर्ण संमती. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हे ठळकपणे मांडले. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले गेले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही. भिवंडीत रुग्णाच्या वतीने बोलायला सेठ, मुकादम, थोरला भाऊ असे चारजण हजर असतात. पण रुग्ण स्वतः बोलू शकत असेल तर विचारायचे त्यालाच, आणि बाई असेल तर तिलाच.

बेशुद्धाचे काय? तिथे ‘गृहीत संमती’. शुद्धीवर असता तर त्याने जीव वाचवायला होच म्हटले असते, असे मानून उपचार करायचे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३० सद्भावनेने, संमती मिळणे अशक्य असताना रुग्णाच्या हितासाठी केलेल्या कृतीला संरक्षण देते. जुन्या दंडसंहितेत हेच कलम ९२ होते. लहान मूल एकटे सापडले आणि पालकांची वाट पाहण्याइतका वेळ नसला, तरी हेच कलम कामी येते.

नकारही तितकाच खरा मानावा लागतो. दुचाकीवरून पडलेला तरुण ‘काही नाही झालं, घरी जातो’ म्हणतो. तो दारू प्यायलेला आहे का, डोक्याला मार आहे का, वेळ-जागा-नाव सांगतो का, हे पाहिल्याशिवाय तो नकार पक्का धरता येत नाही. पक्का असेल तर धोका समजावून सांगून, लिहून, सही घ्यायची आणि शक्य तर साक्षीदाराचीही. ‘डामा’ म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध निघून जाणे. त्या कागदावर नुसती सही असून भागत नाही. काय समजावले तेही त्यावर हवे.

निष्काळजीपणा सिद्ध व्हायला चार गोष्टी लागतात : कर्तव्य होते, ते मोडले, इजा झाली, आणि इजा त्या मोडण्यामुळेच झाली. जेकब मॅथ्यू खटला (२००५) प्रत्येक रुग्णवाहिकेत ठाऊक असायला हवा. लुधियानातल्या एका रुग्णालयात १९९५ मध्ये श्वास लागलेल्या वृद्धाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला, दुसरा आणला तर तो चालू करता येईना, आणि रुग्ण गेला. डॉक्टरांवर फौजदारी गुन्हा होण्याइतका घोर निष्काळजीपणा न्यायालयाला दिसला नाही. रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीची शक्यता मात्र त्याने मोकळी ठेवली. पाळी सुरू होताना सिलिंडरचा काटा पाहून वहीत आकडा लिहिणे हे किरकोळ काम वाटते. ते तसे नाही.

‘रुग्णत्याग’ म्हणजे हाती घेतलेला रुग्ण तितक्याच किंवा अधिक पात्रतेच्या माणसाकडे न सोपवता सोडून देणे. स्ट्रेचर कॅज्युअल्टीच्या दारात ठेवून निघून गेल्यास तो रुग्णत्यागच. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जीव वाचवणे आधी, पोलिसांची औपचारिकता नंतर. स्कूटरवरून जाताना गाडीने उडवलेल्या एका माणसाला जवळच्या रुग्णालयाने वीस किलोमीटर दूर पाठवले आणि तो वाटेत गेला, ही बातमी त्या खटल्याच्या मुळाशी होती. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या खेतमजूर समितीच्या खटल्यात न्यायालय पुढे गेले. रेल्वेतून पडलेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी खाट नाही म्हणून परत पाठवले होते. त्याला २५ हजार रुपये भरपाई मिळाली, आणि खाट कुठे आहे हे आधीच कळेल अशी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारा, असेही न्यायालयाने सांगितले. भिवंडीतून ठाण्याला किंवा कळव्याला रुग्ण ‘रेफर’ होतो, तेव्हा निघण्याआधी केलेल्या एका फोनचे मोल यावरून कळते.

मारहाण, अपघात, भाजणे, विषबाधा, लैंगिक अत्याचार या ‘एमएलसी’, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेस. इथे कपडे कापताना चाकूचे भोक किंवा गोळीची खूण वाचवून कापायचे, आणि रुग्ण जे बोलला ते त्याच्याच शब्दांत लिहायचे. मरण पावलेल्या माणसाचे मृत्यूच्या कारणाविषयीचे बोलणे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २६ नुसार पुरावा ठरू शकते. ‘सासूने पेटवले’ आणि ‘स्टोव्ह भडकला’ या दोहोंतले काय ऐकले, हे ऐकणाऱ्याने सुधारून लिहू नये. बालकावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे. एरवी रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची. रुग्णवाहिकेतला फोटो कोणत्याही ग्रुपवर जाता कामा नये.

आता वैद्यकाचे शब्द. कारखान्यातून फोन येतो, ‘शॉक लागलाय’. तिथे शॉक म्हणजे वीज. रुग्णालयाच्या भाषेत ‘शॉक’ म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचणे : थंड घामेजली त्वचा, जलद बारीक नाडी, घसरता रक्तदाब. दोन्ही एका रुग्णात असू शकतात, म्हणून कागदावर ‘विजेचा धक्का’ असे स्पष्ट लिहिलेले बरे. ‘अटॅक’ हृदयाचा की लकव्याचा? ‘झटका’ म्हणजे आकडी की धक्का? उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकराची ‘घबराहट’ ही भीती नसून छातीतली कासाविशी असू शकते; आगरी आजीचे ‘जीव घाबरा होणे’ही तेच सांगते. पद्मशाली घरात हीच तक्रार तेलुगूत येते. यंत्रमागाचा धोटा उडून डोळ्याला लागला, तर ‘डावा डोळा’ रुग्णाचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे.

ग्रीक-लॅटिन तुकडे थोडेच, पण चुकले तर उलटे होणारे. ‘हायपो’ कमी, ‘हायपर’ जास्त. हायपोग्लायसेमिया म्हणजे साखर घटणे, हायपरग्लायसेमिया म्हणजे वाढणे. खडखडणाऱ्या गाडीतून फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात. त्यापेक्षा ‘साखर चाळीस’ हा आकडा सांगावा. ‘ब्रॅडी’ मंद, ‘टॅकी’ जलद. मृत्यू जाहीर करण्याचा अधिकार डॉक्टरचा, तंत्रज्ञाचा नाही; ‘दाखलपूर्व मृत’ हे शब्द रुग्णालयाच्या कागदावरच उमटतात.

बाकी शब्द वाचकासाठी. मोटार वाहन कायद्यानुसार ‘सुवर्णतास’ म्हणजे अपघाती इजेनंतरचा पहिला तास. याच कायद्याच्या कलम १३४अ ने सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव-पत्ता देण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कलम १९४ई नुसार रुग्णवाहिकेची वाट अडवणाऱ्याला दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. भिवंडीतून १०८ लावाल तेव्हा कंपाउंडचे नाव, जवळचा नाका आणि मजला सांगा, एका माणसाला मोठ्या रस्त्यावर उभे करा, आणि ‘सिरियस आहे’ म्हणण्याऐवजी रुग्ण बोलतो का, श्वास चालू आहे का, रक्त कुठून वाहते, एवढ्या तीन गोष्टी पाहून ठेवा.