पाठीवरचे रंग

माझ्या पदवीदानाला कॉलेजने भाड्याचे काळे गाऊन आणले होते. सोबत गळ्यात घालायची एक रंगीत पट्टी. हाच रंग का, हे वाटणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही फोटो काढले, डिपॉझिट परत घेतलं, विषय संपला.

तो पुन्हा डोक्यात आला बाबासाहेबांच्या एका फोटोमुळे. जून १९५२, कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क. अंगात गाऊन, डोक्यावर टोपी. फोटो कृष्णधवल. मग रंग कोणते असतील?

उत्तर शोधता येतं, कारण अमेरिकेत या रंगांचे नियम ठरलेले आहेत आणि ते १८९५ साली ठरले तेही कोलंबियातच, अनेक विद्यापीठांच्या प्रतिनिधींच्या बैठकीत. त्यामागचा उत्साही माणूस गार्डनर कॉट्रेल लेनर्ड. घरचं ऑल्बनीला कपड्यांचं दुकान, त्यामुळे गाऊन शिवायचं कामही पुढे त्याच दुकानाला मिळालं. (धंदा आणि विद्वत्ता यांची गाठ जुनीच!)

खरा मजकूर असतो तो हूडवर, म्हणजे पाठीवर सोडलेल्या त्या टोपडीवजा कापडावर. मध्ययुगात ते थंडीत डोकं झाकायला होतं, आता ते वाचायचं असतं. लांबी पदवी सांगते: बॅचलरला तीन फूट, मास्टरला साडेतीन, डॉक्टरला चार. आतलं अस्तर विद्यापीठ सांगतं, कडेचं मखमल विषय सांगतं. वैद्यकाला हिरवा, वनौषधींचा. कायद्याला जांभळा. कलाशाखेला पांढरा, ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या बी.ए.च्या हूडवरच्या पांढऱ्या फरवरून.

आता बाबासाहेबांचं गणित मांडू. कोलंबियाचं अस्तर फिकट निळं, त्यावर पांढरा पट्टा. १९१५ची एम.ए., म्हणजे कड पांढरी. १९२७ची पीएच.डी., कड गडद निळी. त्या वर्षी मार्चमध्ये ते महाडला चवदार तळ्यावर होते. आणि १९५२ची एलएल.डी., कड जांभळी.

पण हूडचा बहुतेक भाग पाठीवर असतो, समोरून काढलेल्या फोटोत जेमतेम गळ्याजवळची कड येते. कोलंबियाचा तो निळा रंग बघायला मिळाला असेल तो त्यांच्या मागून चालणाऱ्यांना.

आपल्याकडे २०१० मध्ये जयराम रमेश यांनी भोपाळच्या एका पदवीदानात गाऊन काढून ठेवला होता, वसाहतवादाचा अवशेष म्हणून. मला तो राग कळतो. तरी शाळेत वर्गाबाहेरच्या बाजूला बसवलेल्या मुलाच्या पाठीवरचं ते जांभळं मखमल मला काढून ठेवावंसं वाटत नाही.