टेको

देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांसाठी घडवलेला ठसठशीत, चौकटीदार शीर्षक-टंक. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्री या संस्थेने तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. मुक्त परवान्यामुळे गूगल फॉन्ट्सवरून तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो. लाइट, रेग्युलर, मीडियम, सेमीबोल्ड आणि बोल्ड अशा पाच जाडींमध्ये तो मिळतो.

टेकोचे मर्म त्याच्या बांधणीत आहे. रेघांची जाडी जवळपास एकसारखी. बोरूच्या तिरप्या कापातून येणारा जाड-बारीकपणा इथे दिसत नाही. अक्षरे अरुंद आणि उभी असल्याने कमी रुंदीत लांब मथळा मावतो. जुन्या संगणकाच्या पडद्यावरील ठोकळेबाज अक्षरांची आठवण होते ती याच काटकोनी घडणीमुळे.

रोमन लिपीला असा साचा नवा नव्हता. डच रचनाकार विम क्राउवेल यांनी 1967 मध्येच 'न्यू अल्फाबेट' ही जवळजवळ केवळ सरळ रेघांची वर्णमाला मांडली होती. देवनागरीचे काम अधिक अवघड. ठ, छ, ळ यांचा जीवच गोलाईत असतो, शिवाय शिरोरेषेच्या वर वेलांटी-मात्रांना आणि खाली उकारांना जागा लागते. गोलाई चौकटीत बसवूनही अक्षर चटकन ओळखता येते, हे टेकोचे खरे यश होय. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' हाही ठसठशीत टंक, पण त्याची वाट गुबगुबीत गोलाईची.

फलक, भित्तिपत्रके, क्रीडाविषयक मथळे यांना टेको शोभतो. सलग मजकुरासाठी तो वापरू नये.