ओव्हरड्राइव्ह अडकणे (लेकॉक-डी नॉर्मनव्हिल)

ओव्हरड्राइव्हचा स्विच बंद केल्यावरही जोड न सुटण्याचा, जुन्या ब्रिटिश मोटारींत आढळणारा दोष. ओव्हरड्राइव्ह हा गिअरबॉक्सच्या मागे बसवलेला पूरक दंतचक्रसंच असून त्याने गाडीचा वेग तोच राहून इंजिनाचे फेरे कमी होतात. एमजीबीवरील एलएच नमुन्याचे प्रमाण ०.८२ आहे, म्हणजे साध्या टॉपमध्ये जिथे ४,००० फेरे लागतात तिथे ३,२८० पुरतात. एडगर डी नॉर्मनव्हिल यांची ही रचना शेफील्डच्या लेकॉक कंपनीने बनवली. स्टँडर्ड व्हॅन्गार्डपासून ट्रायम्फ टीआर, ऑस्टिन-हीली, जॅग्वार आणि व्होल्व्होपर्यंत ती पसरली. ए, डी, एलएच आणि जे हे तिचे परिचित नमुने.

रचना : आत मधोमध सूर्यचक्र, त्याभोवती ग्रहचक्रे आणि बाहेरून वलयचक्र असते. एक शंकूच्या आकाराचा क्लच पुढेमागे सरकतो. एरवी स्प्रिंगा त्याला वलयचक्रावर दाबून धरतात आणि सगळा संच एकजीव फिरतो. सोलेनॉइडने झडप उघडली की पंपाच्या दाबाचे तेल दोन दट्ट्यांना रेटते. शंकू वलयचक्र सोडून ब्रेक रिंगवर जाऊन बसतो, सूर्यचक्र थांबते आणि मागचा दंड इंजिनापेक्षा जलद फिरू लागतो. सुटताना हेच उलट घडावे लागते, पण दट्ट्यांमागचे तेल निघून गेल्याशिवाय स्प्रिंगांचे काही चालत नाही. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच असते.

पहिली खबरदारी : ओव्हरड्राइव्ह अडकल्याची शंका आली तर गाडी रिव्हर्समध्ये घालू नये, आणि गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ढकलूनही मागे घेऊ नये. आत रोलरांचा एकदिशा क्लच असतो. पुढे जाताना वलयचक्र आतल्या दंडाच्या पुढे पळते आणि तो मोकळा राहतो. गाडी मागे जाताना तोच जखडतो. सूर्यचक्रही ब्रेक रिंगला बांधलेले असते, आणि या ओढाताणीत काहीतरी मोडतेच. शंका कशी घ्यावी? पहिल्या गिअरमध्ये गाडी निघताना जड वाटते, आणि स्विच बंद केल्यावर फेरे चढत नाहीत.

निदान : आधी सोलेनॉइडची तार काढावी. त्याने जोड सुटला तर दोष विजेचा : अडकलेला रिले, बिघडलेला स्विच किंवा साल निघालेली तार. गिअरबॉक्सला हात लावायचे कारण नाही. सुटला नाही, तर ए आणि डी नमुन्यांत सोलेनॉइडची तरफ मागे येते का ते पाहावे. तिच्या जुळणीसाठी तरफेत आणि कवचात ३/१६ इंचाचे छिद्र असते. सोलेनॉइड ओढलेला असताना तेवढ्या जाडीची सळई दोन्हींतून सरळ जायला हवी. जुळणी चुकली तर ओढणारी जाड गुंडाळी बंद होत नाही आणि सोलेनॉइड जळतो. एलएच आणि जे नमुन्यांत सोलेनॉइड आणि झडप एकत्र असतात. तिथे भाग उघडून केरोसीनने धुतल्यावर अडकलेला दट्टा बहुधा मोकळा होतो.

जोड सुटतो पण उशिरा सुटतो, तेव्हा पहिला संशय झडपेच्या पोकळ दांडीतल्या बारीक छिद्रावर घ्यावा. तेल तिथून जपून सुटावे आणि झटका बसू नये म्हणूनच ते इतके लहान ठेवलेले आहे; गाळाच्या एका कणानेही ते बुजते. ए नमुन्यात तेलाचा दाब साठवणारा संचयक असतो, म्हणून झडपेचे बूच उघडण्याआधी इग्निशन चालू करून, इंजिन बंद ठेवून, सोलेनॉइड दहाबारा वेळा चालवून दाब उतरवावा. ही पायरी टाळणाऱ्याच्या तोंडावर तेल उडते.

झडप निर्दोष निघाली तर शंकूच ब्रेक रिंगला चिकटला असणार. नव्याने बांधलेल्या किंवा वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या गाडीत हे हमखास होते. उपाय ओबडधोबड वाटतो, पण कारखान्याच्या पुस्तिकांनी सांगितलेला आहे : गाडीखालून ब्रेक रिंगवर कातडी हातोडीने काही सणसणीत ठोके द्यायचे. लोखंडी हातोडी वापरू नये.

तेल : गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्ह यांचे तेल एकच असते. एमजीबीत २०डब्ल्यू-५० दर्जाचे इंजिन ऑइल घालतात. घर्षण कमी करणारी मिश्रणे दुकानदार कितीही भरीस घालो, घेऊ नयेत. शंकूचे सारे काम घर्षणावर चालते. तेल बदलताना गाळणीही धुवावी. पातळी कमी असेल तर जोड बसतच नाही. तो दोष वेगळा.

एवढ्याने भागले नाही तरच संच उतरवावा. टीआर गाड्यांत गिअरबॉक्स आसनांच्या बाजूने, गाडीच्या आतून निघतो. एमजीबीत त्यासाठी इंजिनही सोबत बाहेर काढावे लागते.